सात वर्षांची मंदाकिनी

दादासाहेब फाळक्यांचा १९१९ सालचा ‘कालिया मर्दन’ सुरू होतो एका सात वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर. साध्या घरगुती रूपात ती एकामागून एक भाव दाखवते आणि मग तिचाच बाळकृष्ण होतो. ही फाळक्यांची लेक मंदाकिनी. चित्रपट पौराणिक खरा, पण हे सुरुवातीचे क्षण म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी घरातल्या पोरीची हलती आठवणच आहे!

त्याआधी, १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये मुलगा भालचंद्र रोहिदास झाला होता. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडण्यापासून मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत सारं सांभाळत.

‘कालिया मर्दन’ टिकला त्याचं मोठं श्रेय पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं आणि ते उभं करणाऱ्या पी. के. नायर यांचं.

चित्रपटाला असं संग्रहालय मिळालं; आपल्या घरातले फोटो मात्र ट्रंकेत किंवा चिकट पानांच्या अल्बममध्ये पडून असतात. त्या पानांवरचा डिंक फोटो पिवळे पाडतो. उष्णता आणि दमट हवा उरलंसुरलं बिघडवते. जुन्या कागदी फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहावं; बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. स्कॅन किमान ६०० डीपीआयवर करून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावं. आणि आजी अल्बम उलगडत असेल तेव्हा मोबाईलवर व्हिडिओ सुरू ठेवावा: फोटोत कोण आहे हे सांगताना तिचा आवाज, बोट, मध्येच थांबणं, सगळंच येऊ द्यावं.