घरचा संगणक : चार कोअर की शहाण्णव?

बारावीनंतर मुले संगणक मागतात, तेव्हा छत्रपती संभाजीनगरातल्या आम्हा पालकांना वाटते, महागड्या प्रोसेसरशिवाय शिक्षण अडेल. आकडे पाहू. इंटेलच्या स्वस्त कोअर आय-३ १२१०० मध्ये ४ कोअर आहेत. एएमडीच्या एपिक ९६५४ या सर्व्हर प्रोसेसरमध्ये ९६. पण कमाल वेग पहिल्याचा ४.३ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा ३.७. बँकेत हजारो ग्राहकांची कामे एकाच वेळी चालतात. तिथे ९६ हात लागतात. घरी टायपिंग, अभ्यासाचे व्हिडिओ, प्रोग्रामिंगचा सराव. त्याला चार हात पुरतात. शिवाय सर्व्हर प्रोसेसरचे रेटिंग ३६० वॅट, घरच्याचे ६०. म्हणून मोठ्या नावासाठी कर्ज काढू नका. वाचलेल्या पैशांतून १६ जीबी रॅम, एसएसडी आणि यूपीएस घ्या. संगणक बैठकीत ठेवा, म्हणजे मुलीलाही हक्काने बसता येईल.