सेल्फ गेला म्हणजे नेमके काय गेले?

जुन्या गाड्यांच्या मालकांकडून एक वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे : 'सेल्फ गेला.' 'सेल्फ स्टार्टर'मधला पुढचा शब्द आपण ठेवला, मागचा टाकला, आणि 'सेल्फ मार', 'सेल्फ उचलत नाही' असा त्याचा मराठीत छान संसारही थाटून दिला. पण या एका शब्दात बॅटरी, जाड केबली, स्विच, मोटर, तिचे पिनियन आणि फ्लायव्हीलची दातेरी रिंग असे सगळे कोंबले गेले. त्यामुळे दोष कुठेही असो, मिस्त्रीचा पाना पहिल्यांदा मोटरीवरच पडतो. साठ वर्षे चाललेली धडधाकट मोटर भंगारात जाते आणि दोष गाडीत तसाच राहतो. मूळ मोटर गेली की तशी पुन्हा मिळवायला नाना पेठेत किती खेटे घालावे लागतात, हे ज्याने घातले त्यालाच ठाऊक.

आधी या मोटरीचा स्वभाव. चार्ल्स केटरिंगने 1911 साली बनवलेला विजेचा स्टार्टर 1912च्या कॅडिलॅकवर आला. त्याआधी हा माणूस गल्ल्याच्या यंत्रांना मोटर बसवण्याचे काम करत असे. गल्ल्याचा खण उघडायला क्षणभरच जोर लागतो, दिवसभर नाही; म्हणून लहान मोटरीला थोडा वेळ तिच्या कुवतीबाहेर राबवले तरी चालते, हे त्याने तिथे ओळखले होते. सेल्फची मोटर आजही त्याच हिशोबाची असते. पाच-सात सेकंद मारावा, मग तिला श्वास घेऊ द्यावा. अर्धा मिनिट सलग मारणारे लोक इंजिन चालू करत नसतात, मोटर भाजत असतात.

दुसरी गोष्ट करंटची. मी इथे मॉरिस मायनर डोळ्यांपुढे ठेवतो. हिंदुस्तान मोटर्सने 'बेबी हिंदुस्तान' म्हणून विकली ती याच घराण्यातली. तिचे दोन्ही हेडलाइट मिळून सात-आठ अँपिअर खातात, सेल्फ मात्र दीडशेच्या आसपास, आणि मोटर जागीच अडकली तर त्याहून कितीतरी जास्त. आता टर्मिनलवर बुरशी धरून ओहमच्या शंभराव्या भागाएवढा अडथळा तयार झाला असे समजा. हेडलाइटला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण वाया जातो तो व्होल्टचा दहावा भागसुद्धा नाही. सेल्फच्या वेळी मात्र त्याच जागी दीड व्होल्ट गळतो. म्हणून 'लाइट झकास लागतात, म्हणजे बॅटरी आणि वायरिंग ठीक' हा युक्तिवाद पूर्ण फसवा आहे. गॅरेजमध्ये तो रोज ऐकू येतो.

तरीही हेडलाइट हेच पहिले उपकरण. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. दिवे लावून भिंतीवर उजेड पाडावा आणि दुसऱ्याला सेल्फचा नॉब ओढायला सांगावे. इंजिन कण्हत फिरले आणि दिवे मंदावले, तर बॅटरीच्या दोन खुंट्यांवर व्होल्टमीटर धरावा. भरलेली बॅटरी स्वस्थ असताना 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली घसरली, तर आधी बॅटरी तपासायची. दिवे पार मिटले, तर बहुधा टर्मिनल ढिले. एक 'टक्' ऐकू आले, दिवे बसले आणि इंजिन हललेच नाही, तर पिनियन रिंगमध्ये अडकले असण्याचा संभव मोठा. किल्ली बंद करून, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून पुढे-मागे झुलवली की ते सुटते. या जुन्या मोटरींच्या मागच्या टोपीखाली शाफ्टचे चौकोनी टोक असते, तेही पान्याने फिरवता येते.

दिवे जरासुद्धा हलले नाहीत, तर करंट मोटरीपर्यंत गेलेलाच नाही : स्विचचे पॉइंट, झिजलेले कार्बन, किंवा अर्थिंग. या अर्थिंगकडे सर्वांत कमी लक्ष जाते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, म्हणून त्याला बॉडीशी जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी लागते. ती तुटली किंवा गंजली की करंट परतीसाठी दुसरी वाट शोधतो, आणि ती बरेचदा चोकची नाहीतर अॅक्सिलरेटरची तार असते. सेल्फ मारल्यावर चोकचा नॉब गरम लागला, तर मोटर खोलू नका, पट्टी बघा. ही तार लालबुंद होऊन पेट्रोलच्या शेजारी आग लावू शकते. व्होल्टमीटरचे एक टोक इंजिनवर, दुसरे बॅटरीच्या अर्थ-खुंटीवर ठेवून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टाहून जास्त दाखवला, तर चोर सापडला.

मोटर नुसतीच घोंघावते, इंजिन ढिम्म, तेव्हा दोष पिनियनचा. ते स्क्रूसारख्या आट्यांवरून सरकत रिंगला भिडते. आटे मळले की सरकत नाही. मिस्त्री तिथे हौसेने ग्रीस चोपडतात, आणि ग्रीसवर क्लचची धूळ बसून महिन्याभरात पुन्हा तेच. रॉकेलने धुऊन कोरडे ठेवावे.

उरतो तो 'कधी लागतो, कधी नाही' हा प्रकार. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनमुळे बहुधा ठरावीक दोनच जागी थांबते, म्हणून रिंगचे दातेही त्या दोन जागीच झिजतात. सेल्फ नुसता घासला, तर हँडल लावून इंजिन पाव फेरी फिरवावे आणि पुन्हा मारून पाहावे. लगेच धरले तर मोटर निर्दोष; रिंग तापवून उतरवून पाव फेरी सरकवून बसवली की झाले. हँडल फिरवताना किल्ली बंद असावी आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, मुठीभोवती नाही; इंजिनने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटेल, मनगट मोडणार नाही.