एकच चाक का फिरते?

चिखलात रुतलेल्या जीपचे मागचे एक चाक गरगर फिरते आणि दुसरे ढिम्म हलत नाही, हे आपण पाहतो. असे का? वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. म्हणून दोन चाकांमध्ये डिफरन्शियल ही गिअरची रचना असते. ती चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते, पण फिरवण्याचा जोर दोघांना सारखाच वाटते. चिखलात घर्षण कमी, तिथल्या चाकाला थोडाच जोर पुरतो; मग दुसऱ्यालाही तेवढाच! म्हणूनच १९४१ सालच्या विलीज जीपमध्ये पुढची चाकेही इंजिनाला जोडणारा दांडा होता. मात्र वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. डांबरावर टायर सहज घसरत नाहीत. सारा ताण गिअरवर येतो. तेव्हा पक्का रस्ता लागताच आपण ही जोडणी सोडवायची.