अरुणाचलच्या वाटा

ईशान्य भारतातील सर्वांत मोठे राज्य असलेल्या अरुणाचल प्रदेशाचे क्षेत्रफळ ८३,७४३ चौरस किलोमीटर आहे. पश्चिमेला भूतान, उत्तरेला तिबेट, पूर्वेला म्यानमार. कामेंग, सुबनसिरी, सियांग, दिबांग आणि लोहित या नद्या डोंगर चिरत आसामच्या मैदानात उतरतात. दोन नद्यांच्या मध्ये उंच रांगा आडव्या येतात. त्यामुळे खोऱ्यातून वर-खाली जाता येई, पण शेजारचे खोरे गाठणे कठीण होते. या प्रदेशाचा इतिहास घडला तो या अडचणीतून.

प्रशासकीय टप्पे परिचित आहेत: परवान्याशिवाय प्रवेश रोखणारी १८७३ची इनर लाइन, १९५४ची नेफा (ईशान्य सीमांत प्रदेश), १९७२चा केंद्रशासित प्रदेश आणि २० फेब्रुवारी १९८७ला मिळालेला राज्याचा दर्जा.

अनेक लेखक अरुणाचलची कथा १९६२च्या भारत-चीन युद्धापासून सुरू करतात आणि तिथेच संपवतात. हे या भूमीवर अन्याय करणारे आहे. तवांगचा मठ सतराव्या शतकातला. सहावे दलाई लामा १६८३मध्ये तवांगजवळच जन्मले. १९१३मध्ये बेली आणि मोर्सहेड हे ब्रिटिश अधिकारी दिबांगच्या खोऱ्यातून निघाले, तिबेटमधून त्सांगपो नदीच्या काठाने पश्चिमेकडे गेले आणि तवांगमार्गे आसामात उतरले. त्यांच्या पाहणीचा आधार भारत-तिबेट सीमा ठरवणाऱ्या १९१४च्या मॅकमहोन रेषेला मिळाला. १९५१मध्ये मेजर बॉब खाथिंग आसाम रायफल्सच्या तुकडीसह तवांगला पोहोचले ते चढण चढूनच. १९५९च्या मार्चअखेरीस चौदावे दलाई लामा भारतात आले तेही याच बाजूने. मोटाररस्ता येण्यापूर्वीचा हा सगळा इतिहास पायवाटांनी घडवला आहे, आणि पाठ्यपुस्तकांत त्याला दोन ओळीही मिळत नाहीत.

सीमा सडक संघटना १९६०मध्ये स्थापन झाली. भालुकपाँग, बोमडिला, दिरांग आणि मग सुमारे १३,७०० फुटांवरची सेला खिंड, असा तवांगचा रस्ता तिच्या कामगारांनी कड्यांतून काढला. हिवाळ्यात बर्फाने खिंड अडली की तवांग तुटे. ९ मार्च २०२४ला सेला बोगद्याचे उद्‌घाटन झाले, तेव्हा ही जुनी अडचण बरीचशी सरली.

आडव्या प्रवासाचा प्रश्न मात्र दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जायला आसामात उतरून पुन्हा चढावे लागे. ब्रह्मपुत्रेवरचा बोगीबील पूल (२०१८) आणि लोहितवरचा ९.१५ किलोमीटरचा ढोला-सदिया पूल (२०१७) यांनी मैदानातली वाट सुकर केली. डोंगरातून जाणारा बोमडिला ते विजयनगर सीमा महामार्ग मात्र खऱ्या अर्थाने खोऱ्यांना जोडणारा आहे; तो फार आधी व्हायला हवा होता.

रस्त्यांच्या रुंदीकरणाची किंमतही मोठी आहे. उभे उतार कापल्याने पावसाळ्यात दरडी कोसळतात. आदी जमातीच्या वेताच्या झुलत्या पुलांची जागा पोलादी दोरांनी घेतली, आणि वेत विणून पूल बांधणारे हात कमी होत चालले. खोऱ्याखोऱ्यांतल्या जुन्या वाटा, खिंडी, मुक्कामाच्या जागा गावातल्या वृद्धांना अजून ठाऊक आहेत. महामार्गाच्या आखणीबरोबरच त्यांचीही गावनिहाय नोंद राज्याने करून घ्यावी.