एक दिवस खाऱ्या पाण्याचा

सहल म्हटली की आपल्या देवळीकडच्या बायकांच्या डोळ्यांसमोर काय येतं? शेगाव, माहूर, पंढरपूर, फार तर चिखलदरा. गाडीत बसायचं, दर्शन घ्यायचं, डबे उघडायचे, पोरांना जेवू घालायचं आणि रात्री परत. वाटेत नदी किंवा धरण लागलंच तर पाण्यात उतरतात ती पुरुषमंडळी आणि पोरं. आपण काठावर बसतो. कपडे, चपला आणि सगळ्यांचे मोबाइल सांभाळायला! फार झालं तर घोट्यापर्यंत पाय बुडवायचे, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावायचं, की झालं.

ग्रीस नावाच्या देशात म्हणे समुद्रावर दिवसभराच्या बोटीच्या सहली असतात. सकाळी बोट निघते, किनाऱ्याकिनाऱ्यानं जाते, डोंगराच्या कुशीतला शांत खाडीचा तुकडा दिसला की थांबते. लोक पाण्यात उतरतात, पोहतात, बोटीवर जेवतात आणि पुढच्या थांब्याला निघतात. कुठं पोहोचायची घाई नाही. त्यांच्यात आजीबाईही असतात आणि त्या काठावर बसून चपला राखत नाहीत.

तुम्ही म्हणाल, ग्रीस कुठं अन् देवळी कुठं! पण मैत्रिणींनो, असा दिवस आपल्या महाराष्ट्रातच मिळतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणजवळ तारकर्ली आणि देवबाग ही गावं आहेत. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे नारळीच्या झाडांची चिंचोळी पट्टी. देवबागच्या टोकाला नदी समुद्राला मिळते. मागच्या डिसेंबरात आमच्या गटातल्या नऊ जणी तिथं जाऊन आल्या, त्यांत मीही होते. वय वर्षं अडतीस ते एकसष्ट. पोहता येणारी एकही नाही!

निघण्याआधी घरोघरी जे व्हायचं ते झालंच. "काहून वं, या वयात पाण्यात उतरता का?" हा प्रश्न सासूबाईंनीच नाही, शेजारणींनीही विचारला. नवऱ्याच्या जेवणाचं काय, पोरांच्या परीक्षेचं काय... खरं सांगू का, चार दिवस आपण नसलो तर घर बुडत नाही. वरण-भात सगळ्यांना लावता येतो, फक्त आपण लावू देत नाही.

भरतीचं गणित कॅलेंडरात

देवळीहून मालवण आठ-नऊशे किलोमीटर तरी आहे. नागपूरहून मडगावला जाणारी विशेष गाडी गेली काही वर्षं वर्धा, बडनेरा, अकोला अशी जाते. तिला मुदतवाढ मिळत मिळत ती चालते, म्हणून आधी चौकशी करावी. कुडाळला उतरलं की मालवण तीसेक किलोमीटर. जायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. पावसाळ्यात तिथले जलक्रीडेचे व्यवसाय बंद असतात आणि ते योग्यच आहे.

ग्रीसच्या आणि आपल्या समुद्रात एक मोठा फरक आहे. तिकडच्या भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी नावापुरती असते. आपल्या कोकणात मात्र दिवसातून दोनदा पाणी चांगलंच चढतं आणि उतरतं. म्हणून बोटीचा दिवस ठरवायचा तो पाण्याची वेळ पाहून. आमच्या बोटवाल्या दादांनी एक जुना हिशेब सांगितला. चालू तिथीला पाऊणनं गुणा, भरतीची ढोबळ वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला पाण्याला उधाण, तर अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढ-उतार कमी. ऐकून आमच्या मावशी म्हणाल्या, "हे तर आपल्या कालनिर्णयातच हाय की वं!" चतुर्थ्या-एकादश्या पाठ असणाऱ्या बायकांना समुद्राचं वेळापत्रक असं घरबसल्या समजलं. अर्थात हा अंदाज झाला. शेवटचा शब्द बोटवाल्याचाच.

पाणी उचलून धरतं

सकाळी सातला आम्ही देवबागहून निघालो. खाडी काचेसारखी शांत होती. संगमाबाहेर पडलो तसं बोटीला हेलकावे बसू लागले आणि सगळ्या जणी एकदम गप्प झाल्या. मग कुणीतरी ओरडलं, "ते पाहा!" डॉल्फिनची पाठ पाण्याबाहेर आली आणि वळून आत गेली. दोन, तीन, चार... आमच्यातल्या काही जणींनी चक्क हात जोडले!

पुढं भोगव्याचा किनारा. पहिला थांबा तिथं, कमरेएवढ्या पाण्यात. बोटवाल्या दादांनी प्रत्येकीचं लाइफ जॅकेट पुन्हा ओढून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, मान मागं टाका, कान पाण्यात जाऊ द्या, पोट वर करा." सांगायला सोपं! पण ज्या बाईनं जन्मभर डोकं वर ठेवून, पदर सावरून चालायचं शिकलंय, तिनं पाठीवर पाण्यात पडायचं?

यामागचं शास्त्र साधं आहे. फुप्फुसात हवा भरलेली असली की माणसाचं शरीर पाण्याच्या जवळपास तेवढंच भरतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, त्यामुळं ते विहिरीच्या पाण्यापेक्षा जड असतं आणि आपल्याला जास्त उचलून धरतं. त्यात जॅकेटचा फोम. बुडवतं ते बहुतेक वेळा आपलं घाबरणं. हातपाय झाडले, अंग ताठ केलं, तोंड उघडलं की पाणी आत जातं. अंग सैल सोडलं की पाणी आपलं काम करतं.

सगळ्यात आधी तरंगल्या त्या एकसष्ट वर्षांच्या मावशी! गुडघ्यांचं दुखणं, जिना चढताना तीनदा थांबणाऱ्या. आकाशाकडं पाहत पाच मिनिटं निश्चल पडून राहिल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा आंग हलकं वाटलं मले." कुणीच काही बोललं नाही. आम्हाला सगळ्यांना ते कळलं होतं.

दुपारी देवबागला एका घरी जेवण. सोलकढी, तळलेला बांगडा, आणि शाकाहारी मंडळींना काळ्या वाटाण्याची आमटी आणि आंबोळ्या. तीनच्या पुढं ओहोटीला संगमाजवळचं वाळूचं बेट उघडं पडतं, त्याला सुनामी बेट म्हणतात. २००४ च्या सुनामीनंतर ते वर आलं असं लोक सांगतात. तिथं गुडघाभर पाण्यात आम्ही अक्षरशः लोळलो. हो, लोळलो! संध्याकाळी खाडीतून परतताना सूर्य नारळांच्या मागं गेला, तेव्हा स्वयंपाकाची वेळ झाली हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला पाहिला. कुरटे बेटावर शिवरायांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. आपल्याकडं पाण्यासाठी डोक्यावर गुंड घेऊन फिरलेल्या बायकांनी या विहिरींत वाकून पाहिलं, ते काही पर्यटक म्हणून नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत हा एक आहे.

ही नुसती मौज नाही

आता थोडं कडू बोलते. सप्टेंबर २०२१ मध्ये वरुड तालुक्यात झुंजजवळ आपल्याच वर्धा नदीत नाव उलटली. एकाच नात्यातली अकरा माणसं गेली. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेत नाव उलटली. मिरची तोडायला निघालेल्या सहा बायका त्यात गेल्या. त्या सहलीला नव्हत्या निघाल्या, मजुरीला निघाल्या होत्या. समुद्रही काही वेगळा नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला.

आपल्या गावात पोरांना विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकवायचे. पोरींना? "पाण्याजवळ जाऊ नको" एवढंच. कपडे धुवायला नदीवर जाणारी ती, पाणी भरणारी ती, गौरी-भुलाबाई शिरवायला जाणारी ती, मजुरीला नावेतून जाणारी ती, आणि पोहता न येणारीही तीच! पाण्याची भीती आपल्या रक्तात नसते, ती आपल्याला शिकवलेली असते. म्हणूनच हा एक दिवस मला महत्त्वाचा वाटतो. बोटीवर जाणाऱ्या बाईनं पाण्याची मजा घ्यावी, पण डोळे उघडे ठेवून.

काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा.

जॅकेट नाही तर बोट नाही. ते मापाचं हवं, सगळे पट्टे लावलेले हवेत. दोन्ही खांद्यांना धरून वर ओढलं तर हनुवटीपर्यंत यायला नको. "गरम होते" म्हणून काढून मांडीवर ठेवलेलं जॅकेट काही कामाचं नाही.

बोटीत जास्त माणसं कोंबली असतील तर उतरून जा. पैसे गेले तरी चालतील.

साडी नेसून पाण्यात उतरू नका. ओल्या निऱ्या पायांना गुंडाळतात. लेगिंग आणि अंगाबरोबर बसणारा कुर्ता पुरतो, ओढणी काढून ठेवा. कोण काय म्हणेल याचा विचार किनाऱ्यावर ठेवून या.

ओहोटीच्या वेळी संगमाच्या तोंडाशी पोहू नये. नदीचं पाणी आणि ओहोटी दोन्ही समुद्राकडं ओढतात. कुठं उतरायचं ते स्थानिक माणसाला विचारूनच.

लहान बोटीत शौचालय नसतं. हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. निघण्याआधी आणि जेवणाच्या थांब्यावर सोय पाहून घ्या, पण त्या भीतीनं पाणी पिणं सोडू नका. ऊन लागतं.

बोट लागत असेल तर उपाशी पोटी किंवा तळकट खाऊन बसू नका. बोटीच्या मध्यभागी बसा, नजर लांब क्षितिजावर ठेवा. रक्तदाब, हृदयविकार, फिट येण्याचा त्रास किंवा दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. स्कूबा तर नकोच.

आणि कुणी बुडताना दिसलं तर पोहता येत नसताना उडी मारू नका. दोर, साडी, रिकामा झाकणबंद कॅन, जे हाताशी येईल ते फेका.

वल्हं तिच्या हाती

याच जिल्ह्यात वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत 'स्वामिनी' महिला बचत गटाच्या बायका पर्यटकांना बोटीत बसवून कांदळवन दाखवतात. २०१७ च्या सुमारास त्यांनी हे सुरू केलं. वल्हं त्याच मारतात, झाडांची, पक्ष्यांची माहिती त्याच देतात. बचत गट म्हणजे पापड-लोणची एवढंच ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर पाहावं. आणि मालवणच्या चिवला किनाऱ्यावर समुद्रात पोहण्याच्या राज्यस्तरीय स्पर्धा भरतात, त्यात लहान लहान मुली उतरतात. त्या मुली आपल्यापेक्षा वेगळ्या मातीच्या नाहीत. त्यांना कुणीतरी वेळेवर पाण्यात सोडलं, एवढंच.

आपल्या तालुक्याच्या गावात पोहायला शिकण्याची सोय सहज मिळत नाही, ही अडचण खरी आहे. पण जिल्ह्याच्या ठिकाणी चौकशी करता येते. दहा-बारा मुली एकत्र झाल्या तर उन्हाळ्याच्या सुट्टीत एका गाडीनं जाता येतं, बायकांसाठी वेगळी वेळ मागता येते. आमच्या गटानं परत आल्यावर पहिलं काम तेच हाती घेतलं. मुलींची यादी करायला घेतली, तर खाली दोन आयांनी स्वतःचीही नावं लिहिली!

मालवण लगेच जमेल असं नाही. पैसे साठवावे लागतील, घरच्यांना पटवावं लागेल. पण मैत्रिणींनो, महिन्याच्या बैठकीत भिशीचा विषय निघाला की एक ओळ याचीही लिहून ठेवा. आणि घरात आठ-दहा वर्षांची लेक असेल, तर तिची वाट मात्र अडवून ठेवू नका. येत्या सुट्टीत तिला पोहायला घाला.