पदवीचे विद्यार्थी आणि स्वतंत्र संशोधन : मानसशास्त्राच्या वर्गातून घेण्यासारखे काही

आपल्या परिषदांमधून वाचले जाणारे बहुसंख्य शोधनिबंध एकाच साच्याचे असतात. तीस रुग्ण, एक कल्प, एक महिन्याचा कालावधी आणि अखेरीस बहुतेक सर्वांना उपशय. रुग्ण कोणत्या निकषांवर निवडले, किती जण मध्येच औषध सोडून गेले, उपशय मोजला कोणी, याविषयी सहसा अवाक्षरही नसते. ही उणीव बुद्धीची नसून सवयीची आहे. पदवीच्या वर्गातच ही सवय लावू पाहणारे शास्त्र म्हणून मानसशास्त्राकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता असलेल्या पदवी अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याला प्रत्यक्ष माहिती गोळा करून किंवा उपलब्ध माहितीचे स्वतः विश्लेषण करून एक संशोधन प्रकल्प पूर्ण करावा लागतो. अमेरिकेत १९२९ मध्ये स्थापन झालेली 'साय काय' ही मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांची संस्था असून, पदवीपूर्व संशोधनासाठी तिने १९९६ पासून स्वतंत्र नियतकालिक चालविले. हे प्रकल्प आकाराने लहानच असतात. 'झोप व स्मरणशक्ती' असा ऐसपैस विषय घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला मार्गदर्शक तो आवळावयास लावतात. आदल्या रात्री किती तास झोप झाली आणि सकाळी वीस शब्दांपैकी किती आठवले, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. मग नीतिसमितीची अनुमती, सहभागी व्यक्तींची लेखी संमती आणि अपेक्षित निष्कर्षाची आधीच केलेली नोंद.

या शिस्तीची आवश्यकता विद्यार्थ्यांवरच झालेल्या एका प्रयोगातून उत्तम दिसते. रॉबर्ट रोझेन्थाल व केर्मिट फोड यांनी तो १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. मानसशास्त्राच्या १२ विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच उंदीर देण्यात आले. निम्म्यांना सांगितले, तुमचे उंदीर हुशार वाणाचे आहेत. उरलेल्यांना सांगितले, मंद वाणाचे. वस्तुतः उंदीर एकाच प्रकारचे होते आणि त्यांची वाटणी केवळ यदृच्छेने झाली होती. दोन वाटांपैकी गडद रंगाची वाट निवडण्यास त्यांना शिकवावयाचे होते. 'हुशार' ठरविलेले उंदीर अधिक चांगले शिकले! ते अधिक गोड स्वभावाचे असल्याचेही त्यांच्या विद्यार्थ्यांनी नोंदविले. म्हणजे मुद्दाम लबाडी न करताही परीक्षकाची अपेक्षा त्याच्या हाताळणीतून व नजरेतून निष्कर्षात उतरू शकते.

वैद्याने स्वतः निवडलेले औषध, त्यानेच दिलेला धीर आणि त्यानेच विचारलेला 'आता बरे वाटते ना?' हा प्रश्न, यांपुढे त्या उंदरांची गोष्ट फार दूरची वाटू नये. शिवाय पुन्हा दारात येतात ते मुख्यतः गुण आलेले रुग्ण. न आलेले अन्यत्र जातात आणि आपल्या वहीतून नाहीसे होतात. म्हणून संधिवाताच्या रुग्णाची वेदना व सांध्यांची हालचाल मोजण्याचे काम, कोणास कोणते औषध दिले हे ठाऊक नसलेल्या दुसऱ्या वैद्याकडे सोपवावे. येथे औषधनिर्मात्यांची मदत मोलाची ठरते. दिसावयास सारख्या गोळ्या सांकेतिक क्रमांकाच्या बाटल्यांत भरून देणे व संकेताची यादी अभ्यास संपेपर्यंत मोहोरबंद ठेवणे कोणत्याही व्यवस्थित फार्मसीस अवघड नाही. अर्थात कुटकीच्या चूर्णाचा तिक्त रस लपविणे कठीणच! तेथे कॅप्सूल वापरावी. तेही शक्य नसेल तर निदान परीक्षकास तरी अनभिज्ञ ठेवावे.

दुसरा प्रश्न संख्येचा. २०१५ मध्ये मानसशास्त्रातील १०० प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहण्यात आले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय परिणाम पुन्हा आढळला. सहभागींची अपुरी संख्या हे अशा अपयशाचे एक मान्य कारण आहे. एकट्या विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला तर हा दोष जडलेलाच असतो. त्यावर बाथ, ब्रिस्टल, कार्डिफ व एक्सेटर येथील विद्यापीठांनी योजलेला उपाय आम्हांस विशेष अनुकरणीय वाटतो. तेथील विद्यार्थ्यांनी वेगवेगळे लहान प्रकल्प करण्याऐवजी एकाच आराखड्यावर काम करून माहिती एकत्र केली. आपल्याकडे एकेका वैद्याने तीस रुग्णांचे निबंध लिहिण्यापेक्षा एका जिल्ह्यातील दहा वैद्यांनी समान निकष, समान रुग्णपत्रक व एकाच घाणीचे औषध घेऊन एकच अभ्यास केला, तर त्या निष्कर्षाला वजन येईल.

संशोधन मांडण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. मानसशास्त्राचा विद्यार्थी आपल्या भित्तिपत्रकापाशी उभा राहतो आणि येणाऱ्याजाणाऱ्या जाणकाराच्या प्रश्नांना उत्तरे देतो. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वर्णिलेली तद्विद्यसंभाषा, त्यातही संधायसंभाषा, याहून फार निराळी नाही. आपल्या सभांमधून मात्र शाल-श्रीफळास वेळ मिळतो, प्रश्नोत्तरांस मिळत नाही.

आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यास आरंभ करण्याजोगा विषय हवा असेल, तर प्रकृतिपरीक्षेचा घ्यावा. प्रश्नावली वापरण्यापूर्वी निरनिराळ्या परीक्षकांचे निष्कर्ष जुळतात काय हे पाहावे, असे मानसशास्त्रात पदवीच्या वर्गातच शिकविले जाते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ आयुर्वेद चिकित्सकांनी २० जणांची स्वतंत्रपणे परीक्षा केली असता त्यांच्यातील एकवाक्यता अल्प आढळली. ती कोठे तुटते? नाडीत, प्रश्नांच्या शब्दरचनेत, की द्वंद्वज प्रकृतीत प्रधान दोष ठरविताना? दोन वैद्य, चाळीसएक स्वस्थ व्यक्ती आणि एक पत्रक यांवर याचा अदमास घेता येतो. औषध द्यावयाचे नसल्याने धोका जवळजवळ नाही. तरीही संमती व नीतिसमितीची अनुमती घ्यावीच. केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेने पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी २०२२ मध्ये 'स्पार्क' ही विद्यावृत्ती सुरू केली, तीही अशाच लहान अभ्यासांना बळ देण्यासाठी.

जेथे औषध द्यावयाचे असेल, तेथे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया या नोंदवहीत अभ्यासाची नोंद करावी. तीस शुल्क पडत नाही. मात्र १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण समाविष्ट होण्यापूर्वीच ती करावी लागते. निष्कर्ष हाती आल्यावर केलेला अर्ज स्वीकारला जात नाही.