उंबरठा नसलेला फियॉर्ड

कोंग्सफियॉर्डच्या दक्षिण काठावरच्या नी-ओलेसुंड या वस्तीत पाऊल टाकणाऱ्याला दोन नियम पाळावे लागतात. मोबाइलचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवायचं. इथल्या रेडिओ दुर्बिणी अब्जावधी प्रकाशवर्षं दूरच्या क्वेसारांचे क्षीण संकेत टिपतात, आणि आसपासच्या वीस किलोमीटरांत दुसरी कुजबुज त्यांना चालत नाही. दुसरा नियम, घराला कुलूप घालायचं नाही. पांढरं अस्वल मागे लागलंच, तर समोर येईल त्या दारातून आत घुसता आलं पाहिजे.

नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातलं स्पिट्सबर्गन हे सर्वांत मोठं बेट. त्याच्या पश्चिम किनाऱ्यात घुसलेला हा फियॉर्ड, म्हणजे हिमनदीने कोरलेली खाडी, जेमतेम वीसेक किलोमीटर लांब आणि चार ते दहा किलोमीटर रुंद आहे. इथून उत्तर ध्रुव सुमारे १,२०० किलोमीटरवर. म्हणजे मुंबईहून निघून दिल्ली गाठायची, जवळपास तेवढंच अंतर. ऑक्टोबरअखेर मावळलेला सूर्य थेट फेब्रुवारीच्या मध्यानंतर उगवतो. इतक्या उत्तरेला, याच अक्षांशावर ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यापाशी समुद्र वर्षाचा बराच काळ बर्फाने भरलेला असतो. कोंग्सफियॉर्डमध्ये मात्र उन्हाळ्यात जहाजं बिनदिक्कत येतात. ती कशी, याचं उत्तर समुद्राच्या तळाशी आहे.

बहुतेक फियॉर्डांच्या तोंडाशी, समुद्रतळावर, हिमनदीने आणून टाकलेल्या गाळगोट्यांचा किंवा खडकाचा एक उंबरठा असतो. तो बाहेरचं खोल पाणी आत येऊ देत नाही. कोंग्सफियॉर्डला असा उंबरठा जवळपास नाहीच. हिमयुगातली इथली हिमनदी फियॉर्डच्या तोंडाशी न थांबता भूखंडमंचाच्या कडेपर्यंत पोहोचली होती आणि जाताना तळात एक खोल चर खणून गेली. स्पिट्सबर्गनच्या पश्चिमेने गल्फ स्ट्रीमचं शेपूट म्हणता येईल असा उबदार अटलांटिक प्रवाह उत्तरेकडे वाहतो. त्याचं पाणी या चरातून थेट आत शिरतं. या फियॉर्डचा पुढचा सगळा इतिहास, माझ्या मते, या एका उघड्या दारातून घडला आहे.

स्वालबार्डला मूळ रहिवासी नाहीत. इथे आलेला प्रत्येक जण काहीतरी न्यायलाच आला. १५९६ मध्ये विलेम बारेंट्स या डच दर्यावर्दीला स्पिट्सबर्गन दिसलं. १६१० मध्ये इंग्रज कप्तान जोनास पूल या फियॉर्डमध्ये आला आणि इथे दगडी कोळसा असल्याची नोंद करून गेला. त्या काळी मात्र साऱ्यांचं लक्ष व्हेल आणि वॉलरसच्या चरबीवर होतं. कोळसा तीनशे वर्षं तसाच पडून राहिला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अर्नेस्ट मॅन्सफील्ड नावाचा एक इंग्रज अवतरला. नी-ओलेसुंडसमोरच्या ब्लोमस्ट्रांड या भूभागावर त्याला संगमरवर सापडला आणि लंडनच्या गुंतवणूकदारांना त्याने सोन्याची खाण सापडल्याच्या थाटात तो विकला. १९११ पासून तिथे यंत्रं आली, याऱ्या उभ्या राहिल्या, घरं बांधली गेली. वस्तीचं नाव न्यू लंडन. पण हजारो वर्षांच्या गोठण-वितळणीने त्या दगडाला आतून तडे गेलेले होते. तो बांधकामाला निरुपयोगी ठरला आणि १९२० च्या सुमारास कारभार आटोपला. काही घरं नंतर सुटी करून पलीकडे नी-ओलेसुंडला नेली. गंजलेली बॉयलर-यंत्रं मात्र अजून तिथेच उभी आहेत, आणि सांस्कृतिक वारसा म्हणून त्यांना हात लावायलाही मनाई आहे.

कोळशाचं प्रकरण याहून गंभीर. १९१६ मध्ये ओलेसुंड शहरातल्या व्यापाऱ्यांनी किंग्ज बे कोळसा कंपनी काढली. १९२९ पर्यंत खाण चालली, मग बंद पडली, आणि युद्धानंतर १९४५ मध्ये पुन्हा उघडली. तोवर कंपनी सरकारी झाली होती. एकामागून एक स्फोट होत गेले. ५ नोव्हेंबर १९६२ च्या स्फोटात २१ कामगार दगावले. काहींचे मृतदेह आजही खाणीतच आहेत. चौकशीत हलगर्जी उघड झाली आणि ऑगस्ट १९६३ मध्ये पंतप्रधान एइनार गेरहार्डसेन यांचं मजूर पक्षाचं सरकार संसदेत पडलं. नवं सरकार चार आठवडेच टिकलं. पण युद्धोत्तर नॉर्वेच्या राजकारणाला एवढा मोठा हादरा ध्रुवाजवळच्या एका खाणीने द्यावा, हे विलक्षणच. खाण मात्र कायमची बंद झाली.

या दोन खाणकथांच्या मध्ये आकाशाची कथा आहे. १९२५ मध्ये रोआल्ड आमुन्सेन इथूनच दोन उडत्या नौका घेऊन ध्रुवाकडे निघाला, ८७ अंशांपलीकडे बर्फावर अडकला आणि एका नौकेतून सहाही जण परत आले. पुढच्या वर्षी ११ मे १९२६ रोजी ‘नॉर्गे’ हे हवाई जहाज इथून सुटलं. त्यावर आमुन्सेन, अमेरिकन धनिक लिंकन एल्सवर्थ आणि इटालियन रचनाकार उंबेर्तो नोबिले यांच्यासह सोळा जण होते. नोबिलेची छोटी कुत्री टिटिनाही होती. १२ मे रोजी त्यांनी ध्रुव ओलांडला आणि १४ तारखेला अलास्कात उतरले. ‘नॉर्गे’ सुटण्याआधी दोनच दिवस अमेरिकेच्या रिचर्ड बर्डने इथूनच उड्डाण करून ध्रुव गाठल्याचा दावा केला होता; त्यावरचा वाद आजही मिटलेला नाही. निर्विवाद यश ‘नॉर्गे’चंच. १९२८ मध्ये नोबिले ‘इटालिया’ हे दुसरं हवाई जहाज घेऊन पुन्हा आला आणि परतताना बर्फावर कोसळला. त्याला शोधायला निघालेला आमुन्सेन विमानासह नाहीसा झाला. नोबिले वाचला. हवाई जहाज बांधून ठेवायला उभारलेला लोखंडी मनोरा वस्तीबाहेर अजून उभा आहे. जवळ गेलात तर खालून वरपर्यंत नुसत्या तिरक्या पट्ट्यांचं जाळं दिसतं.

आता न्यायचं राहिलंय ते फक्त ज्ञान. १९६० च्या दशकापासून वस्ती संशोधकांची झाली. नॉर्वे, जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन, इटली, जपान, कोरिया, चीन असे देश शेजारी शेजारी आहेत; चिनी केंद्राच्या दाराशी दोन दगडी सिंह बसवले गेले. आणि २००८ पासून भारताचं ‘हिमाद्री’ हे केंद्र आहे. इथे येण्याचा हा हक्क जुना आहे. १९२० च्या स्वालबार्ड करारावर ब्रिटिश साम्राज्याच्या सहीत भारताचाही समावेश होता.

आपल्या तिथल्या कामाचं संचालन गोव्यातून, वास्कोच्या हेडलँड सडा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून होतं. २०१४ च्या जुलैत या केंद्राने चेन्नईच्या सागर तंत्रज्ञान संस्थेच्या साथीने फियॉर्डमध्ये ‘इंडआर्क’ ही वेधशाळा बुडवली. १९२ मीटर खोल तळाशी नांगर आणि वर उभी ताणलेली दोरी, तिला निरनिराळ्या खोलीवर जोडलेली उपकरणं. ती तापमान, क्षारता आणि प्रवाह मोजतात. ती वर्षभर अंधारात, बर्फाखालीही नोंदी घेतात आणि मग उपकरणं वर काढून त्या नोंदी उतरवून घेतल्या जातात.

हे मोजणं महत्त्वाचं आहे, कारण उघड्या दाराने आता बाजू बदलली आहे. पूर्वी हिवाळ्यात फियॉर्डचा आतला भाग घट्ट गोठायचा. २००५-०६ च्या हिवाळ्यात अटलांटिकचं पाणी जोरात आत शिरलं आणि तेव्हापासून पूर्वीसारखं गोठणं दुर्मीळ झालं. त्या बर्फात बिळं करून पिल्लं घालणाऱ्या सीलची पंचाईत झाली, तर अटलांटिक कॉडसारखे दक्षिणेचे मासे आत आले. ब्लोमस्ट्रांड तर जुन्या नकाशात द्वीपकल्प होतं. त्याला जमिनीशी जोडणारी हिमनदी मागे सरकली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लक्षात आलं की ते बेट आहे. फियॉर्डच्या टोकाशी क्रोनेब्रेन ही वेगवान हिमनदी लालसर गाळ ओतत मागे हटते आहे. तिच्या तोंडाशी, गढूळ पाण्याच्या उसळीतून वर येणारं खाद्य टिपायला किट्टीवेक पक्ष्यांची झुंबड असते.

आपल्याकडे पाऊस लांबला की ‘आर्क्टिकचा परिणाम’ असं कोणी म्हणतं आणि आपण मान डोलावतो. ध्रुवीय बर्फाचा मान्सूनशी असलेला संबंध गुंतागुंतीचा आहे आणि तो उलगडायला अशा लांब पल्ल्याच्या नोंदीच लागतात. हिवाळी मोहिमा आपण २०२३ च्या डिसेंबरपासून सुरू केल्या. तोवर ‘हिमाद्री’चे दिवस मुख्यतः उन्हाळ्यातच जायचे. या हिवाळी मोहिमा आता खंड न पडता चालल्या पाहिजेत. आर्क्टिक मोहिमांसाठी गोव्याचं केंद्र देशभरातल्या संस्था-विद्यापीठांकडून प्रस्ताव मागवतं. महाराष्ट्रातल्या भूगोल, भूशास्त्र आणि जीवशास्त्र विभागांनी त्या जाहिरातीकडे जरूर लक्ष ठेवावं.